ब्रेक सोडण्याचा इतिहास

ब्रेक लागत नाही ही तक्रार कुणालाही लगेच कळते. ब्रेक सुटत नाही ही तक्रार कळायला वेळ लागतो, कारण गाडी चालतच असते. जरा जड चालते, डिझेल थोडं जास्त पिते, स्टेअरिंग एका अंगाला ओढतं, एवढंच. आमच्या कळमनुरीकडं याला 'ब्रेक धरायलाय' म्हणतात. आणि ही तक्रार घेऊन कुणाकडं गेलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं, 'लागतोय ना? मग चालू द्या.'

चालू द्यायला माझी हरकत का आहे ते आधी सांगतो. पुढच्या चाकाचा ब्रेक अर्धवट धरलेला राहिला की पॅड आणि डिस्क सतत घासत राहतात. त्यातून होणारी उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून ब्रेक ऑइलमध्ये शिरते. जुन्या, हवेतली ओल प्यालेल्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू दीडशे अंशांच्या आसपास उतरलेला असतो. ते कॅलिपरमध्ये उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबल्यानं आकसत नाही, वाफ आकसते. मग पुढच्या वेळी पेडल दाबलं की ते सरळ तळाला जातं. म्हणजे न सुटणारा ब्रेक हाच थोड्या वेळानं न लागणारा ब्रेक होतो. या दोन उलट्या तक्रारींमधलं अंतर कळमनुरी ते वारंगा फाटा एवढंच असू शकतं.

माझ्या काकांकडं एक पिकअप आहे. मार्चमध्ये, ऐन हळदीच्या दिवसांत, तिचं डावं पुढचं चाक धरायला लागलं. हिंगोली जिल्ह्यात हळद म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं: काढायची, शिजवायची, उन्हात वाळवायची, ढोलात फिरवून पॉलिश करायची आणि मग हिंगोलीच्या नाहीतर वसमतच्या बाजारात न्यायची. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. या दोन-तीन महिन्यांत पिकअप रोज फिरते, आणि गाडीचा वर्षभराचा हप्ता याच दिवसांत निघतो. रिकाम्या गाडीत येताना शेतावरच्या बायाही मागं बसतात. बसू नये हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या बसतात हेही.

'गाडी डावीकडं ओढायली, आन् जळका वास कामून येतोय बघ बरं,' काका म्हणाले. चाकावर पाणी शिंपडलं तर चर्र झालं. उजव्या चाकावर तसंच पाणी नुसतं ओघळलं. गावातल्या मिस्त्रीकडं चार दिवस नंबर लागणार नव्हता. नवा कॅलिपर नांदेडहून यायला दोन दिवस होते. घरीच, अंगणात बदलू असं ठरलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि त्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन गावीच होतो.

त्या दोन दिवसांत एक साधा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. पेडल दाबल्यावर पिस्टन पुढं जातो आणि पॅड डिस्कला चिकटतो, हे शाळेतल्या पास्कलच्या नियमातही आहे. पण पाय उचलल्यावर त्या पिस्टनला मागं कोण आणतं? कॅलिपरच्या चित्रात एकही स्प्रिंग दिसत नव्हती. या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलो आणि ब्रेकचा इतिहास मला उलट्या बाजूनं दिसायला लागला. धरायचं कसं, हे माणसाला फार लवकर जमलं होतं. सोडायचं कसं, यावर मात्र शे-सव्वाशे वर्षं डोकेफोड चालली होती.

*

सुरुवात बैलगाडीपासून करू. आमच्या सपाट मुलखातल्या गाडीला बहुधा ब्रेक नसायचाच. उतार आला की बैल मागं रेलायचे, जू पुढं सरकायचं, गाडीवान कासरा ताणायचा. घाटातल्या गाड्यांना लाकडाचा ठोकळा असायचा, तो दोरीनं नाहीतर दांड्यानं चाकाच्या लोखंडी धावेवर दाबायचा. त्यातली सोडण्याची व्यवस्था सोपी: दोरी सैल करा. ठोकळा झिजला की नवा लावा. यात बिघडण्यासारखं काही नव्हतं, पण वेगही नव्हता.

वेग आल्यावर पहिल्यांदा धरणारा भाग हरला. १८८८च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ या बाईंनी नवऱ्यानं बनवलेली तीनचाकी मोटार, त्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला नेली. शंभर किलोमीटरवर अंतर. वाटेत उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी एका गावात मोची गाठला आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनरची सुरुवात सांगताना हाच प्रसंग सांगतात. मला त्यात आवडतं ते हे, की तो शोध कारखान्यात न लागता रस्त्यात, दुसऱ्याच धंद्यातल्या माणसाच्या हातून लागला. आमच्याकडं आजही निम्म्या दुरुस्त्या अशाच होतात.

दहाएक वर्षांनी, १८९७च्या सुमारास, इंग्लंडातल्या डर्बीशरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं पाहिलं की तिथले शेतकरी गाडीच्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर जुने बूट ठोकतात. त्यानं त्याजागी लावायचं चांगलं साहित्य बनवायला घेतलं आणि त्यातून 'फेरोडो' ही कंपनी उभी राहिली. फ्रूड या आडनावाची इंग्रजी अक्षरं उलटीपालटी करून, त्यात बायकोच्या एलिझाबेथ या नावाचं पहिलं अक्षर घालून ते नाव झालं. पुढं फ्रूडनं अॅस्बेस्टॉस वापरलं. ते जळत नाही, घट्ट धरतं, स्वस्त पडतं. साठ-सत्तर वर्षं जगभरच्या गाड्या अॅस्बेस्टॉसवर थांबल्या.

त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याबद्दल एक परिच्छेद लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. ब्रेकचा ड्रम उघडला की आत काळी भुकटी साचलेली असते. ती तोंडानं फुंकून नाहीतर हवा मारून उडवायची, ही प्रत्येक गॅरेजमधली रीत होती, अजूनही आहे. अॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेले की तिथंच राहतात, आणि आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. मुंबईतल्या अशाच एका कारखान्यातल्या कामगारांची तपासणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी जवळपास दर पाचव्या माणसाला अॅस्बेस्टॉसिस निघाला. आज चांगल्या पॅडच्या खोक्यावर 'अॅस्बेस्टॉस नाही' असं छापलेलं असतं. तरीही ती भुकटी फुंकू नका. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.

*

लायनरचा प्रश्न सुटला तशी पुढची अडचण आली: चार चाकांना सारखा ब्रेक लावायचा कसा? सुरुवातीच्या मोटारींत सळया आणि तारा होत्या. एक तार जरा ताणलेली, दुसरी सैल, म्हणजे गाडी आडवी. म्हणून कित्येक वर्षं फक्त मागच्याच चाकांना ब्रेक असायचे.

यावर अमेरिकेतल्या माल्कम लॉगहेड या माणसानं तेलाचा उपाय काढला. फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल यानं सतराव्या शतकातच सांगून ठेवलं होतं की बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडं सारखा पोचतो. लॉगहेडनं तेच तत्त्व मोटारीच्या चाकांना लावलं. १९१७च्या सुमारास त्यानं पेटंट घेतलं, १९२१च्या ड्युझेनबर्ग गाडीत ते ब्रेक आले आणि १९२४मध्ये क्रायस्लरनं ते सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत बसवले. लोकांना आडनाव नीट वाचता येईना म्हणून त्याचं 'लॉकहीड' झालं. लढाऊ विमानांमुळं माहीत असलेली लॉकहीड ती याच माल्कमच्या भावाची, अॅलनची.

गणित किती सोपं आहे बघा. समजा मास्टर सिलिंडरचा व्यास २२ मिलिमीटर आणि कॅलिपरच्या पिस्टनचा ५४. क्षेत्रफळ साधारण सहापट, म्हणजे जोरही सहापट. तिन्ही-चारही पाइपांत दाब एकच, त्यामुळं डावं-उजवं भांडण संपलं.

पण त्या तेलाची गोष्ट मला जास्त रंजक वाटली. सुरुवातीचं ब्रेक ऑइल म्हणजे एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण होतं. एरंडेल कशाला? कारण आतले सील आधी चामड्याचे आणि मग रबराचे होते, आणि नैसर्गिक रबराला खनिज तेल लागलं की ते फुगतं. फुगलेलं रबर सिलिंडरमध्ये अडकतं आणि ब्रेक सुटत नाही. एरंडेलानं तसं होत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीनं बैलगाडीच्या कण्याला जे वंगण घातलं त्यातही एरंडेल असायचं. एकाच बियांचं तेल एकीकडं चाक फिरावं म्हणून आणि दुसरीकडं चाक थांबावं म्हणून वापरात होतं. आजचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, पण नियम तोच आहे: ब्रेकच्या डब्यात इंजिन ऑइलचा थेंबही पडता कामा नये. चिकटलेल्या ब्रेकमागं अनेकदा एवढंच कारण निघतं.

हे तेलाचे ब्रेक ड्रममध्ये होते. ड्रममध्ये दोन अर्धगोल बूट बाहेर ढकलले जातात आणि पाय उचलला की जाड स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात. धरणारं तेल, सोडणारी स्प्रिंग. कामाची वाटणी स्वच्छ, डोळ्यांनी दिसणारी.

*

या सगळ्याचा कळमनुरीशी संबंध कधी आला? १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेनं रस्त्यावरची वाहतूक सुरू केली, ती २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांवर. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. त्या बसगाड्यांच्या नंबरात 'झेड' हे अक्षर असायचं, ते निजामाच्या आईच्या, झहरा बेगम यांच्या, नावावरून आलं असं सांगतात. पलीकडं मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर अशी १ जून १९४८ रोजी धावली. तेव्हा आमच्याकडं अजून निजामाचीच राजवट होती. ती संपली १७ सप्टेंबरला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि नंतर लाल गाडी आमचीही झाली.

कळमनुरी गावात रेल्वे नाही. म्हणून इथला सगळा माल आणि सगळी माणसं रबरी टायरवर हलतात. चाळीसच्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली: चारही चाकांना तेलाचे ड्रम ब्रेक. त्या जीपच्या पोटातून पुढं काळी-पिवळी निघाली, जिच्यात दहाच्या जागी अठरा माणसं बसून आमच्या तालुक्याला बाजाराला गेली. १९५८ साली बजाज टेंपो कंपनी निघाली, जर्मनीतल्या हँबर्गच्या टेंपो कंपनीशी करार करून. त्यांची तीनचाकी इतकी रुळली की मराठीत मालवाहू गाडीचं नावच टेंपो पडलं. कुठल्याही कंपनीची असो, 'टेंपो सांगितलाय' असंच आपण म्हणतो. २००५ साली टाटांचा 'एस' आला, त्याचा लोकांनी 'छोटा हत्ती' केला. या पिढीच्या छोट्या मालगाड्या आणि पिकअप आल्या तेव्हा मागं ड्रम राहिले, पुढं डिस्क आली. आमच्या अंगणातला प्रश्न तिथं सुरू होतो.

पण डिस्ककडं वळण्याआधी एसटी स्टँडवरचा एक आवाज आठवून बघा. उभी गाडी निघताना ड्रायव्हर एक खटका दाबतो आणि खालून 'फुस्स' असा हवेचा आवाज येतो. तो आवाज ब्रेक सुटण्याचा आहे. १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसनं रेल्वेसाठी हवेचा ब्रेक काढला, तेव्हा हवेच्या दाबानं ब्रेक लागायचा. पाइप फुटला तर ब्रेकच नाही. तीनेक वर्षांत त्यानं सगळं उलटं केलं: पाइपात दाब असेल तोवर ब्रेक सुटलेला, दाब गेला की आपोआप लागणार. आजच्या मोठ्या ट्रकचा आणि बसचा पार्किंग ब्रेक त्याच विचारावर चालतो. आत दणकट स्प्रिंग ब्रेक धरून बसलेली असते आणि हवा तिला मागं रेटून धरते. हवा गळली तर गाडी जागची हलत नाही. म्हणजे ट्रकमध्ये धरणं फुकट आहे, सोडायला ताकद लागते. पिकअपमध्ये नेमकं उलटं: धरायला तेलाचा दाब, आणि सोडायला... तेच तर शोधत होतो.

आमच्या धंद्यात हे रोज भेटतं. प्रोग्राममध्ये एखाद्या गोष्टीवर कुलूप लावणं एका ओळीचं काम असतं. ते प्रत्येक वाटेवर, चूक झाली तरी, वेळेवर उघडलं जाईल याची हमी देण्यात रात्री जातात. आणि न उघडलेलं कुलूप लगेच ओरडत नाही. यंत्रणा आधी नुसती जड चालते.

*

डिस्क ब्रेकचं पेटंट बरंच जुनं आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं ते १९०२ साली घेतलं. त्यानं पॅडला तांबं लावलं आणि ते असं किंचाळायचं की कल्पना मागं पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास विमानांच्या चाकांवर डिस्क परत आली आणि तिथून डनलॉप कंपनीनं ती मोटारीत आणली. १९५३च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डिस्क ब्रेकची जॅग्वार जिंकवली. इतर गाड्यांचे ड्रम तापून ढिले पडत होते, तेव्हा हे वळणाच्या जास्त जवळ जाऊन ब्रेक दाबत होते. दोनच वर्षांत, १९५५मध्ये, सित्रोएनच्या डीएस गाडीला पुढं डिस्क आली.

डिस्क उघडी असते, वारा लागतो, म्हणून लवकर निवते. धरण्यात ती ड्रमपेक्षा सरस. पण सोडायचं काय? ड्रमसारख्या मोठ्या स्प्रिंगा इथं मावत नाहीत. डनलॉपच्या त्या सुरुवातीच्या कॅलिपरमध्ये पिस्टनला मागं खेचायला आत वेगळी पिन आणि बारीक सरंजाम होता. भाग वाढले, खर्च वाढला. नंतरच्या कॅलिपरांतून तो सगळा सरंजाम गेला आणि ते काम एका रबरी कड्याकडं आलं.

पिस्टनभोवती, कॅलिपरच्या आतल्या खाचेत, चौकोनी काटछेदाचं रबराचं कडं बसवलेलं असतं. तेल बाहेर येऊ नये म्हणून ते आहे, असंच कुणालाही वाटेल. पिस्टन पुढं सरकला की कडं त्याला घट्ट धरून ठेवतं आणि स्वतः जरासं पिळवटतं. त्यासाठी खाचेची कड मुद्दाम तिरपी कापलेली असते. पाय उचलला, दाब गेला, की पिळवटलेलं रबर सरळ होतं आणि सरळ होताना पिस्टनला आपल्याबरोबर मागं आणतं. मिलिमीटरचा अगदी छोटा हिस्सा, नखाच्या जाडीहूनही कमी. तेवढं पुरतं. पॅड झिजला आणि पिस्टनला जास्त पुढं जावं लागलं तर कडं पिस्टनवरून घसरून नव्या जागी धरतं. म्हणजे तेल अडवणं, पिस्टन मागं आणणं आणि झीज भरून काढणं ही तिन्ही कामं एकच कडं करतं. मला तर हे वाचून उठून फेऱ्या माराव्याशा वाटल्या.

आणि मग लक्षात आलं की या मांडणीत सुटण्याची ताकद किती कमी आहे. लावायला शेकडो किलोंचा जोर, सोडायला रबराची उकल. पिस्टनवर गंजाचा एक पापुद्रा आला, रबर उष्णतेनं कडक झालं, की धरणं चालूच राहतं आणि सोडणं बंद पडतं. स्वस्त गाड्यांत कॅलिपरला एकच पिस्टन असतो आणि सगळा कॅलिपर दोन पिनांवर डावा-उजवा सरकतो. त्या पिनांचं ग्रीस वाळलं तरी तीच गत.

गंज येतो कुठून? ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. म्हणून डब्यावर दोन तापमानं मानलेली असतात. डॉट ३ प्रकाराचं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४चं २३० अंशांपर्यंत उकळू नये. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शोषल्यावर त्याच मर्यादा १४० आणि १५५वर येतात. ओल शोषणं हा दोष वाटतो, पण पाणी तेलात न मिसळता तसंच खाली साचलं असतं तर थेट कॅलिपरमध्ये बसलं असतं. बाहेरून पिस्टनवर रबरी टोपी असते. ती फाटली की पावसाळ्यातला चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ आत. कळमनुरीत दोन्हीला तोटा नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं असं सांगतात. आमच्याकडं ते फक्त कमी झालं की वर ओतलं जातं.

*

कॅलिपर आला त्या दिवशी सकाळी उन्हं चढायच्या आत काम काढलं. फरशीवर गाडी, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक ओढलेला. तो मागच्या चाकांवर काम करतो, त्यामुळं पुढं अडचण येत नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले. मग जॅक, आणि जॅकनंतर चेसिसखाली लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही, हे काकांनी मला दोनदा ऐकवलं.

चाक हातानं फिरेना. आता खरी परीक्षा: दोष कॅलिपरमध्ये आहे की वर? कॅलिपरवर ब्लीडर नावाचा छोटा नट असतो. तो पाव आटा उघडला. तेल बाहेर आल्याबरोबर चाक सुटलं असतं, तर दाब पाइपात अडकलाय, म्हणजे रबरी होज आतून फुगलाय किंवा मास्टर सिलिंडर तेल परत घेत नाहीये, असं ठरलं असतं. मग नवा कॅलिपर लावूनही उपयोग नव्हता. काळपट तेलाचे दोन थेंब आले, चाक तसंच घट्ट. पिना काढून पाहिल्या, सरकत होत्या. उरला पिस्टन.

कॅलिपरचे मागचे बोल्ट रात्रीपासून गंज सोडवायच्या तेलात भिजत ठेवले होते, तरी पान्याला पाइप जोडून जोर लावावा लागला. होजचा बोल्ट काढताना खाली भांडं ठेवलं, कारण ब्रेक ऑइल रंगावर पडलं की रंग उचलतं. सांडलं तर लगेच पाणी ओतायचं. त्या बोल्टच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वायसर असतात. ते एकदा दाबले गेले की परत नीट बसत नाहीत, म्हणून दोन्ही नवे. डिस्कवर निळसर डाग पडले होते, पण तडा नव्हता, आणि जाडी डिस्कवरच कोरलेल्या किमान मापापेक्षा जास्त भरली. पॅड दोन्ही चाकांचे बदलले. एका बाजूला नवे आणि एका बाजूला जुने ठेवले तर गाडी पुन्हा ओढणारच. नवा कॅलिपर बसवताना एकच गोष्ट पाहायची: ब्लीडर वरच्या अंगाला आला पाहिजे. हवा वर चढते. ब्लीडर खाली आला तर कॅलिपर उलट्या बाजूचा आहे आणि हवा कधीच निघणार नाही.

हवा काढायला काकूंना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. ब्लीडरला सलाईनची नळी, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. 'दाबा.' 'धरून ठेवा.' मी ब्लीडर उघडायचो, नळीतून बुडबुडे यायचे, मग बंद. 'सोडा.' ब्लीडर बंद झाल्याशिवाय सोडायचं नाही, नाहीतर हवा परत आत. वीसेक वेळा हे झालं. मधूनमधून काका वरच्या डब्यात नवं तेल घालत होते. डबा रिकामा झाला तर सगळं पहिल्यापासून. शेवटी नळीत नुसतं स्वच्छ तेल आलं आणि काकू म्हणाल्या, 'आता पायाला दगड लागल्यावानी लागायलंय.' हेच ऐकायचं होतं.

पेडल दाबून सोडलं आणि चाक हातानं फिरवलं. पॅड घासल्याचा बारीक सरसर आवाज आला, आणि चाक दोन फेरे मारून थांबलं. सगळे बोल्ट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापानं आवळले. गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून पॅड डिस्कशी आणले, मग मोकळ्या मैदानात बैलगाडीच्या वेगानं ब्रेक लावून पाहिला. नंतर जरा वेगात. सरळ थांबली.

जुना कॅलिपर मी दुपारी खोलला. टोपी एका जागी फाटलेली, तिच्याखाली पिस्टनवर गंजाचं तपकिरी कडं, आणि आत ते चौकोनी रबर. बोटात वाकवलं तर वाकलं, पण परत सरळ होईना. काकांनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. 'एवढ्याशा वायसरपायी डिस्क लाल होत होती?' मी म्हणालो वायसर नाही, स्प्रिंगच म्हणा. त्यांना ते पटलं नाही. नुसतं हे कडं आणि टोपी वेगळी मिळते का, ते त्यांनी विचारलं. मिळते, किट म्हणून; पण पिस्टनला खड्डे पडले असतील तर त्याचा उपयोग नाही, आणि याला पडले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते हळद भरून हिंगोलीला गेले. मोंढ्यावरून फोन आला: दोन्ही चाकांवर पाणी शिंपडून पाहिलं, डावं नुसतं कोमट. उजवं मात्र आज त्याच्यापेक्षा जरा जास्त गरम लागत होतं. नांदेडला उजव्या बाजूचा कॅलिपर सांगून ठेवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आधी संध्याकाळी ब्लीडर उघडून बघू.